ढगळ्याचा डावा पाय

आमच्या दुकानात पॅन्ट शिवायला टाकली, की ती ढगळ्याच्याच हातून जावी म्हणून गिऱ्हाईक आठवडाभर जास्त थांबायला तयार असायचं. त्याच्या हातची पॅन्ट कमरेला अशी बसायची आणि पायाशी अशी पडायची, की घालणारा कारकून असला तरी साहेब दिसावा. आणि हा स्वतः? दोन पोती पायांत अडकवून फिरायचा. दुकानात आल्या आल्या कुणीतरी ढगळ्या म्हटलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. हाक मारली की हसायचा. दिव्याखाली अंधार, असं गिऱ्हाइकं म्हणायची, त्यालाही हसायचा.

मी या दुकानात काज-बटणं करते. खिडकीजवळ माझी खुर्ची, तिच्यापुढे ढगळ्याचं मशीन, मधोमध कटिंगचं मोठं टेबल आणि टेबलामागे मास्तर. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक. माझं तोंड हाताइतकंच चालतं, असं ते म्हणतात. ते कौतुक नाही, हे मला कळतं. पण त्या दुकानात एक तरी तोंड चालणं गरजेचं होतं, असं मला आजही वाटतं.

ढगळ्याचा डावा पाय जन्मापासून वेगळा. मांडीपासून घोट्यापर्यंत जांभळाचा रस सांडल्यासारखा लालजांभळा डाग, बाहेरच्या बाजूनं दोरखंडासारख्या फुगलेल्या शिरा आणि पाय उजव्यापेक्षा जाड. हे सगळं मला फार उशिरा कळलं. त्याच्या आईला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि पहिल्या दिवसापासून तिनं ते झाकलं. बाळाला बघायला आलेल्या बायका दुपट्याकडे बघून विचारायच्या, "दिवस असताना काही भलतंसलतं खाल्लं होतंस का गं?" काही खाल्लं नव्हतं. पण बाई पडली भिडस्त, तिनं ते स्वतःलाच लावून घेतलं. शाळेत शिपाई होती, पोरगाही त्याच शाळेत. खेळाचा तास आला की त्याला पाणी भरायला घेऊन जायची. सगळी पोरं हाफ पॅन्टमध्ये, हा एकटा लांब पायजम्यात.

एका डॉक्टरांनी लहानपणीच पाय बघून सांगितलं होतं, हा नुसता डाग नाही, आतल्या शिरा तपासून घ्या, मोठ्या इस्पितळात न्या. आई घेऊनही गेली. बाहेर बाकावर बसली असताना पोराचा पायजमा वर सरकला. शेजारच्या बाईनं ते पाहिलं आणि आपल्या मुलाला दंडाला धरून जवळ ओढलं. ढगळ्याची आई उठली, पोराला कडेवर घेतलं आणि नंबर यायच्या आत घरी आली. परत कधी गेली नाही. त्या बाईचा मला भारी राग येतो. पण राग तरी कुणाकुणाचा करायचा?

शिवणकाम तो शिकला ते पोटासाठी नव्हे. ते त्यानंच मला पुढे सांगितलं. दुसऱ्या शिंप्याकडे जायचं तर माप द्यावं लागतं, टेप पायाला लागतो, म्हणून हा स्वतःच शिंपी झाला. स्वतःच्या पॅन्टीचे दोन्ही पाय तो सारखेच रुंद कापायचा, डावा गरजेपोटी आणि उजवा सोबतीला.

आता आमच्या मास्तरांचा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. माप घेताना मास्तर आकडे मोठ्यानं सांगतात आणि कुणीतरी लिहून घेतं. कंबर अमुक, उंची तमुक. पण गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असला, एक पाय आखूड असला, पाठीला पोक असलं, तर मास्तर गप्प होतात. टेपवरच्या आकड्यावर नख ठेवतात आणि टेप लिहिणाऱ्याकडे नुसता वळवतात. आकडा डोळ्यांनी वाचायचा, तोंडानं नाही. मग उतरलेल्या खांद्याखाली अस्तराचा एक थर जास्त जातो, आखूड पायाची पॅन्ट गुपचूप आखूड होते, आणि तो माणूस आरशासमोर उभा राहिला की स्वतःलाच सरळ वाटतो. "अंगातलं उणं कापडात जिरवायचं, तोंडानं काढायचं नाही," मास्तर म्हणतात. एकदा एका पोटवाल्या गिऱ्हाइकाला मी म्हटलं होतं, "साहेब, मागच्या खेपेपेक्षा बाळसं धरलंत." साहेब हसले. मास्तर माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

नियम माणुसकीचा होता, हे मी नाकारत नाही. लोक त्यासाठीच लांबून यायचे. ढगळ्याला तर ते दुकान म्हणजे माहेर वाटलं असणार. आपल्याला कुणी काही विचारणार नाही, अशी जगात ती एकच जागा.

मग त्याचं लग्न झालं. बायको बेकरीत काउंटरला, हसरी, चटपटीत, हिशेबाला पक्की. ही पोरगी ह्याचं ढगळपण चार दिवसांत उतरवेल, अशी माझी अटकळ. कसलं काय! घरातही हा पायघोळ पॅन्टमध्ये, झोपतानाही तीच, आधी दिवा बंद मग बाकीचं. एकदा तिनं विचारलं, "पायाला काय झालंय तुझ्या?" त्यावर तो कितीतरी दिवस तिच्याशी नीट बोललाच नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्याला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

शाळा उघडायच्या आधी आमच्याकडे गणवेशांचं काम येतं. त्या वर्षी तीन शाळांचं एकदम आलं. ढगळ्या सकाळी मशीनवर बसायचा तो जेवायलाच उठायचा, आणि काही दिवस तर जेवणही मशीनवरच. अशाच एका दिवसात त्याच्या डाव्या पोटरीत गोळा आला. पायात गोळे येणं आम्हां शिंप्यांना काही नवं नाही. त्यानं पाय झटकला आणि पुढची पॅन्ट घेतली.

पण गोळा गेला नाही. पाय गरम लागायला लागला, जड झाला, मांडीला कापड ताणायला लागलं. दुसऱ्या कुणाचा पाय असा सुजला असता तर चार लोकांनी विचारलं असतं. ह्याचा पाय मुळातच जाड आणि त्यावर एवढं कापड. तो आणखी जाड झाला, हे कळणार कुणाला? मी एकदा म्हटलं, "काय रे, लंगडतोस का?" तर म्हणाला, "मावशी, नवा बूट चावतोय. बायकोनं निवडलाय, काढताही येत नाही." मी हसले. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला एका विनोदात गप्प बसवलं पठ्ठ्यानं.

शिंप्याची पॅन्ट घट्ट झाली तर शिंपी काय करणार? शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवलेलं असतं, आमच्यात त्याला माया म्हणतात. पुढे माणूस वाढला तर शिवण उसवून ती सोडायची. सगळे चहाला गेले की ढगळ्या पॅन्ट बदलण्याच्या खोलीत जायचा आणि डाव्या पायाची शिवण उसवून थोडी बाहेर घ्यायचा. दोन दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. पाय सुजतोय म्हणून डॉक्टरकडे जावं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं होतं. पण डॉक्टर म्हणजे पॅन्ट काढणं. त्यापेक्षा शिवण ढिली करणं सोपं. जन्मभर गिऱ्हाइकांचं उणं कापडात जिरवलं, तसंच त्यानं स्वतःचं मरणही कापडात जिरवायला घेतलं.

शेवटी माया संपली. शिवणीत सोडायला काही उरलं नाही. त्या दिवशी तो चहाहून परत आला तर मशीनवर कापडाची एक लांब पट्टी ठेवलेली. त्याच्या पॅन्टीचंच राखाडी कापड, नीट कापून, कडेनं खडूची रेघ मारून. शिवणीत जोडायला बेताची. ढगळ्यानं मान वर केली. मास्तर टेबलाशी पाठ करून उभे होते, कशाला तरी इस्त्री करत होते.

म्हणजे मास्तरांनी पाहिलं होतं. शिवण उसवलेली पाहिली होती, पाय वाढताना पाहिला होता, आणि आपल्या नियमाला धरून, तोंडातून अक्षर न काढता, त्याला कापड दिलं होतं. ढगळ्या कानापर्यंत लाल झाला. आता धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं त्याला. पण डोळेही भरून आले. इतक्या मायेनं कुणी त्याची लाज राखली नव्हती. त्यानं पट्टी उचलली आणि आत जाऊन पॅन्टीला जोडली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो तळघरातून कापडाचा गठ्ठा घेऊन वर आला आणि शेवटच्या पायरीवर बसला. चेहरा पांढराफटक. "पित्त झालंय मावशी," म्हणाला. छातीवर हात, श्वास अर्धाच घेतोय. हे कसलं पित्त! मी ओरडले, मास्तर धावले, समोरच्या दुकानदाराच्या गाडीत घालून त्याला इस्पितळात नेलं. रस्ताभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर आणि त्याचे दोन्ही हात पॅन्टीच्या कापडावर आवळलेले.

तिथं नर्स कात्री घेऊन आली. तेव्हा त्या माणसानं काय करावं? ओठ निळे पडलेत, बोलायला श्वास नाही, आणि हा कमरेची पट्टी दोन्ही हातांनी धरून मान हलवतोय. नको, नको. तेवढ्यात बायको बेकरीचा एप्रन तसाच घालून धावत आली. तिला बघून तर त्यानं सगळा जीव गोळा केला आणि म्हणाला, "तू बाहेर जा."

ती गेली नाही. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि नर्सला म्हणाली, "कापा."

कात्री घोट्यापासून वर गेली आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मी बाई आहे, परकी आहे, मी बाहेर जायला हवं होतं. गेले नाही. मी तो पाय पाहिला. सुजून चकाकत होता, जांभळ्याचा निळा झाला होता. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते दुखणं नव्हतं. भर बाजारात उघडं पाडल्यावर माणसाचं जे होतं ते होतं. मला स्वतःचीच लाज वाटली, डोळे असल्याची.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "सूज कधीपासून आहे?"

"दोन दिवस," तो पुटपुटला.

"खोटं," बायको म्हणाली. "दोन आठवडे तरी झाले. झोपेत त्याचा पाय लागतो मला. भट्टीसारखा गरम होता."

त्यानं डोळे उघडले. "तुला माहीत होतं?"

"पायाचं? लग्न झालं त्याच आठवड्यात कळलं. अंधारात हात आंधळे नसतात रे." ती एप्रनला हात पुसत राहिली. "तुला आवडत नाही म्हणून मी बोलले नाही. बोलायला हवं होतं."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. एवढी वर्षं राखलेली मूठ कधीचीच उघडी होती आणि तो हवा धरून बसला होता.

डॉक्टरनं तपासण्या करून आम्हाला समजेल असं सांगितलं. पायातून रक्त वर नेणारी आतली मोठी शीर असते, ती याच्या मांडीत जन्मतःच धड तयार झालेली नाही. हमरस्ताच नाही म्हटल्यावर रक्त गल्लीबोळांतून वाट काढत वर जातं. त्या बाहेरच्या फुगलेल्या शिरा, त्या म्हणजे ते गल्लीबोळ. तासन्‌तास पाय मुडपून बसलं की रक्त तिथं तुंबतं आणि गोठतं. गुठळी पायात झाली, तिचा तुकडा सुटला आणि फुप्फुसात जाऊन अडकला. मी म्हटलं, "पण हे म्हाताऱ्यांना होतं ना? हा तर तिशीचाही नाही." ती म्हणाली, "म्हणूनच. एवढ्या लहान वयात झालं की आम्ही आधी शिरांत जन्माचं काही आहे का ते बघतो. पाय सुजला त्या दिवशी आला असता तर इथवर वेळच आली नसती. आता दोन दिवस धोका आहे."

बाहेर बाकावर मास्तर बसले होते. नर्सनं कापलेली पॅन्ट पिशवीत घालून त्यांच्याकडेच दिली होती. त्यांनी ती मांडीवर उलगडली. शिवण उसवली तरी सुईची जुनी भोकं कापडात राहतात. डाव्या पायाच्या आतून अशा भोकांच्या ओळी एकीशेजारी एक गेल्या होत्या, आणि शेवटच्या ओळीला जोडलेली राखाडी पट्टी. मास्तर त्या पट्टीवरून अंगठा फिरवत होते.

"ही मी कापली," म्हणाले.

मी म्हटलं, "खडूच्या रेघेवरून ओळखलं मी आत्ता."

"मला वाटलं, विचारलं तर पोरगा ओशाळेल. कानकोंडा होईल, उद्या कामावर येणार नाही." त्यांनी पॅन्टीची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. "जा, डॉक्टरला दाखव, एवढंच म्हणायचं होतं. मी त्याला कापड दिलं."

एरवी मी त्यांना चार शब्द सुनावले असते. संधीही चालून आली होती. पण म्हातारा माणूस पॅन्टीत तोंड खुपसून रडायला लागल्यावर काय सुनावणार? बायकोला माहीत, मास्तरांना माहीत, आईला तर जन्मापासून माहीत, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. सगळे एका माणसाची लाज सांभाळत होते आणि तो त्यातच जायची वेळ आली.

तो वाचला. सुया झाल्या, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या, श्वास हळूहळू पूर्ण यायला लागला. पण चादर गळ्यापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेला. तपासायला कुणी आलं की चादर फक्त हवी तेवढीच वर करायचा आणि लगेच खाली. आई रोज यायची, कॉटच्या पायथ्याशी बसून चादरीची कड गादीखाली खोचत राहायची.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाली, आता डाव्या पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत घट्ट मोजा घालावा लागेल, रोज, कायमचा. बाजारातला तयार मोजा या पायाला बसणार नाही, मापानं बनवून घ्यावा लागेल. माप सकाळीच घ्यायचं, सूज चढायच्या आत. कुठे कुठे घ्यायचं तेही तिनं सांगितलं.

"मास्तरांना बोलावते," बायको म्हणाली. "त्यांच्याइतकं नेमकं माप कोण घेणार?"

सकाळी मास्तर आले. दाढी केलेली, गळ्यात टेप. वॉर्डात दोन्हीकडे कॉट, माणसं भेटायला आलेली, कुणी चहा पितंय, कुणी पेपर वाचतंय. बायको कागद-पेन घेऊन बसली. मी खिडकीशी उभी. ढगळ्यानं चादर बाजूला केली. बाजूच्या कॉटवरचा माणूस चहा पिता पिता थांबला. मास्तरांनी घोट्याला टेप लावला, आकड्यावर नख ठेवलं आणि टेप बायकोकडे नुसता वळवला.

"किती?" तिनं विचारलं. तिला काय ठाऊक आमचा नियम!

मास्तरांनी टेप आणखी पुढे केला.

"मास्तर, इथून दिसत नाही मला. सांगा ना."

मास्तरांनी तोंड उघडलं. सगळा वॉर्ड बघत होता. त्यांनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. "मला नाही जमत रे," ते ढगळ्याला म्हणाले.

ढगळ्या उठून बसला. कान लालभडक. त्यानं मास्तरांच्या हातातून टेप घेतला, वाकला आणि घोट्याचा आकडा वाचला. त्याच्या मानानं बऱ्यापैकी मोठ्यानं.

"लिहिलं," बायको म्हणाली. "पुढचं?"

तेवढ्यात आई उठली आणि सवयीनं कॉटभोवतीचा पडदा ओढायला लागली.

"आई, राहू दे," तो म्हणाला. "अंधारात आकडे दिसत नाहीत मला."

आईचा हात पडद्यावर थांबला. ढगळ्यानं टेप पोटरीला लावला आणि आकडा वाचला, गुडघ्याला लावला आणि वाचला. बायको लिहीत गेली. आई त्या पायाकडे बघत होती. डागाकडे, शिरांकडे, वरपासून खालपर्यंत, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तशी. मग हळूच म्हणाली, "एवढा मोठा कधी झाला रे हा? तू शाळेत जायला लागलास तेव्हापासून मी बघितलाच नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, त्याला पाहवलं नसावं. मांडीचा शेवटचा आकडा तेवढा राहिला होता. तो वाचताना त्याचा आवाज फुटला, म्हणून बायकोनं तो पुन्हा विचारला आणि त्यानं पुन्हा सांगितला.